रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस

‘रिपोर्ट पुढच्या गुरुवारी मिळेल.’ खिडकीपलीकडचा माणूस एवढं सांगतो आणि पुढच्याचा कागद हातात घेतो. त्याचं ते रोजचं वाक्य आहे. पण खारदांड्याच्या कोळीवाड्याकडे परत निघालेल्या रिक्षात बसलेल्या माणसाला गुरुवार एकदम वर्षभर लांब गेल्यासारखा वाटतो. शौचावाटे रक्त दिसलं, डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतडं पाहिलं, एक तुकडा तपासायला पाठवला. आजार आहे की नाही ते अजून कुणालाच ठाऊक नाही, भीती मात्र आपल्याआधी घरी पोचलेली असते.

हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी आहे. तपासणीची तारीख मिळालेल्यांसाठी, ती तारीख मनातल्या मनात पुढे ढकलणाऱ्यांसाठी, रिपोर्टची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि रात्री त्यांच्या शेजारी जागं राहूनही झोपल्याचं सोंग घेणाऱ्या घरच्या माणसांसाठी. मुद्द्याची गोष्ट आधीच सांगायला हवी. भीती पूर्ण गेली पाहिजे असा हट्ट धरू नका, ती जात नाही. भीती असतानाही तारीख पाळलीत, दिवस निभावलेत आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसलात, की तुमच्या वाट्याचं काम तुम्ही चोख केलंत.

आधी शक्यता नीट समजून घ्या

मोठ्या आतड्याचा कॅन्सर हे शब्द कानावर पडले की मन थेट शेवटापर्यंत धावतं. त्याला थोडं मागे आणायचं असेल, तर काही गोष्टी नेमक्या ठाऊक असाव्या लागतात.

शौचावाटे रक्त जाण्याची सर्वांत नेहमीची कारणं मूळव्याध आणि गुदद्वाराला पडलेली चीर ही आहेत. आपल्याकडे त्यात अमिबाची आव, आतड्याचा क्षय आणि आतड्याला सूज आणणारा कोलायटिस यांचीही भर पडते. यांतल्या काही आजारांत दुर्बिणीतून दिसणारी जखम कॅन्सरच्या जखमेसारखीच भासते. नुसतं डोळ्यांनी पाहून खात्री देता येत नाही, म्हणून डॉक्टर तुकडा काढतात. तेव्हा ‘तुकडा काढला म्हणजे काहीतरी आहेच’ हा अर्थ लावू नका. तुकडा प्रश्न विचारण्यासाठी काढला जातो. उत्तर अजून यायचं असतं. शौचाच्या तपासणीत छुपं रक्त सापडलं, तरीही पुढच्या तपासणीत बहुतेकांना कॅन्सर निघत नाही.

जगात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर होतो. कॅन्सरच्या प्रकारांत त्याचा क्रमांक तिसरा लागतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात त्याचं प्रमाण कमी आहे. मात्र आपल्याकडे रुग्ण उशिरा येतात, आणि तरुण वयाच्या रुग्णांचा वाटा नजरेत भरण्याइतका आहे. ‘मूळव्याध असेल’ म्हणत महिनोन् महिने घरगुती औषधं घेतली जातात, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीवरचा पत्ता गाठला जातो, आणि खरं कारण पाहायचं राहून जातं.

काळाचा हिशोबही समजून घ्या. हा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावरच्या लहानशा गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून सुरू होतो आणि त्या गाठीचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागू शकतात. त्यामुळे रिपोर्टसाठी आठ-पंधरा दिवस थांबावं लागलं, तर त्यानं तुमचं नुकसान होत नाही. घाबरून तपासणीच सहा महिने पुढे ढकलली, तर मात्र होऊ शकतं. थांबावं लागणं आणि टाळणं यांतला हा फरक या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट आहे.

तारीख टाळू नका

पुढची लक्षणं दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं: शौचात रक्त किंवा चिकट स्राव, शौचाच्या सवयीत बदल, पोट साफ न झाल्याची सततची जाणीव, कारण नसताना उतरणारं वजन, सतत पोटदुखी, आणि रक्त कमी असल्याचा रिपोर्ट. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या खायच्या आणि विषय संपवायचा, असं पुष्कळ घरांत होतं. पुरुषामध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीमध्ये रक्त कमी होत असेल, तर ते कुठून जातंय हे शोधणं गरजेचं असतं. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

दांड्यातून वांद्र्याचं महापालिकेचं भाभा रुग्णालय जवळ पडतं. तिथे केस पेपर काढून सुरुवात करता येते. पुढच्या तपासण्यांसाठी विलेपार्ल्याचं कूपर, परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर ही मोठी रुग्णालयं आहेत. ओळखीच्या खासगी डॉक्टरांकडे गेलात, तर ‘गोळी द्या’ म्हणण्याऐवजी ‘रक्त कुठून येतंय ते कसं कळेल?’ असं विचारा. बोटानं होणारी साधी गुदद्वाराची तपासणी लाजेपोटी नाकारू नका. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी तिथेच हाताला लागतात. स्त्रियांना स्त्री डॉक्टर किंवा सोबत नर्स मागता येते. तसं मागण्यात काहीही वावगं नाही.

तारीख पुढे ढकलायला आपल्याकडे कारणं कधी कमी पडत नाहीत. शिमगा होऊ दे, गणपती जाऊ देत, नारळी पौर्णिमेनंतर बघू. भीतीला सणाचा आडोसा फार आवडतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला लक्षणं त्या सुमारास जाणवत असतील, तर ते दोन महिने तपासण्यांसाठी वापरा. लक्षणं इतर महिन्यांत दिसली, तर बंदीची वाट पाहू नका. बाजारात बसणाऱ्या बहिणींनी एका दिवसासाठी पाटी सांभाळायला कुणाला तरी सांगून ठेवावं. एका दिवसाचा धंदा बुडण्याची चुटपुट त्या दिवसापुरती असते.

देवावर श्रद्धा असेल, तर एकवीरा आईला नवस जरूर बोला, मोत माऊलीला मेणबत्ती लावा. त्या श्रद्धेचा आधार खरा आहे. फक्त नवस आणि तारीख यांत निवड करायची वेळ आणू नका. दोन्ही होऊ शकतं.

दुर्बिणीच्या तपासणीला सामोरं जाताना

कोलोनोस्कोपीला आपण ‘दुर्बीण’ म्हणतो. बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी गुदद्वारातून आत नेतात. तिच्या टोकाला कॅमेरा असतो आणि तिच्यातूनच चिमटा घालून तुकडा काढता येतो. गुंगीचं इंजेक्शन सहसा देतात. तपासणी साधारण अर्ध्या-पाऊण तासात होते. पोट फुगल्यासारखं वाटतं, कळ येऊ शकते. तुकडा काढताना मात्र दुखत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कापण्याची वेदना कळत नाही. आतड्याला छिद्र पडण्यासारखे गंभीर त्रास क्वचितच होतात, आणि सही घेताना डॉक्टर त्याबद्दल सांगतात. ते ऐकून दचकू नका, समजलं नाही ते पुन्हा विचारा.

बहुतेकांना तपासणीपेक्षा तिची तयारी जड जाते. आतडं पूर्ण रिकामं नसेल, तर आतलं नीट दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून आदल्या एक-दोन दिवसांत कमी चोथ्याचं खायचं असतं. मऊ पांढरा भात आणि काटे काढलेलं साधं उकडलेलं म्हावरं बहुधा चालतं. पालेभाजी, बियांची फळं, डाळी-कडधान्यं, खोबऱ्याचं वाटण टाळायचं. त्यानंतर फक्त गाळलेले, पारदर्शक पातळ पदार्थ: बिनदुधाचा चहा, गाळलेलं लिंबूपाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप. कोकम सरबत आणि सोलकढी या काळात नको, लाल रंग आतून रक्तासारखा दिसतो. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी शहाळं आणि साफ करणारं औषध, दोन्हींबद्दल आधी विचारावं. रुग्णालयानं दिलेला कागद यापेक्षा वेगळं सांगत असेल, तर तो कागद पाळा.

साफ करणारं औषध लिटर-लिटरनं प्यायचं असतं आणि मग दहा-बारा वेळा संडासला जावं लागतं. ज्यांच्या घरात स्वतंत्र संडास नाही, त्यांच्यासाठी हीच खरी अडचण असते आणि ती सांगायला संकोच वाटतो. आधीच बोला. आदल्या रात्री स्वतंत्र संडास असलेल्या नातेवाइकाकडे राहायला जा, किंवा ‘आमच्याकडे सार्वजनिक संडास आहे, तयारीसाठी दाखल करून घेता येईल का?’ असं रुग्णालयात विचारा. हा प्रश्न तिथे कुणालाही नवा नसतो.

मधुमेहाची औषधं, इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या यांची यादी डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण त्यांनी शौच काळं होतं आणि नजर अडते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनानं कधीही थांबवू नका. तपासणीच्या दिवशी सोबत एक मोठं माणूस हवंच. गुंगीनंतर डॉक्टर जे सांगतात त्यातलं निम्मं लक्षात राहत नाही. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दारू घ्यायची नाही, व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही.

तुकडा कुठे जातो, रिपोर्टला वेळ का लागतो

‘हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य आपल्या गल्ल्यांमधून पिढ्यान् पिढ्या फिरतं आहे. त्यापायी कितीतरी माणसांनी तपासणी नाकारली आहे. आतड्यातला तुकडा तपासल्यानं आजार पसरत नाही. तो उशिरा सापडतो, तेव्हा आधीच पसरलेला असतो आणि दोष शेवटच्या तपासणीवर येतो.

काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतो. तो आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात. मग त्यातलं पाणी काढून त्याला मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्या ठोकळ्याच्या केसापेक्षाही कितीतरी पातळ चकत्या काढतात, त्यांना रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहतात. शंका असली तर आणखी खास रंग देतात, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवतात. या सगळ्यात काही दिवस जातात, कधी दोन आठवडेही लागतात. तेव्हा ‘अजून आला नाही म्हणजे वाईटच असणार’ हा अंदाज सोडून द्या. उशीर बहुधा कामाच्या रांगेमुळे होतो. निघतानाच तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: रिपोर्ट कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवर, आणि उशीर झाला तर विचारायचं कुणाला. ठरलेली तारीख उलटली, तर फोनची वाट पाहत बसू नका, स्वतः जाऊन चौकशी करा.

या दिवसांत स्वतःच्या मनानं लॅबमध्ये जाऊन रक्ताच्या ‘कॅन्सर मार्कर’च्या चाचण्या करून घेऊ नका. सीईए ही चाचणी निदान झाल्यावर उपचारांचा मागोवा घ्यायला उपयोगी पडते. निदान करण्यासाठी ती भरवशाची नाही. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आणि इतर साध्या आजारांतही ती वाढलेली येते, आणि कॅन्सर असूनही ती योग्य पातळीत असू शकते. अशा आकड्यानं भीती वाढते किंवा खोटा दिलासा मिळतो.

भांगाचे दिवस

दांड्याच्या माणसाला वाट पाहणं नवं नाही. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नसते, डोल जाळ्यात फारसं म्हावरं येत नाही. म्हणून कुणी किनाऱ्यावर बसून समुद्राला दोष देत नाही. फाटलेली जाळी ओटीवर येतात, दोरखंड तपासले जातात, होडीची डागडुजी होते. उधाण आपल्या हातात नाही, जाळं आपल्या हातात आहे, हे इथल्या लहान पोरालाही कळतं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवसही असेच काढायचे असतात.

काळजीला वेळ नेमून द्या. रोज संध्याकाळी वीस मिनिटं, ठरावीक जागी, वही घेऊन बसा आणि मनात येईल ते सगळं लिहा. ‘मेलो तर’, ‘पैसे कुठून’, ‘मुलीचं लग्न’, काहीही. दिवसभरात भीती डोकावली की तिला सांगा, ‘सहा वाजता तुझ्याकडे येतो.’ पहिले दोन दिवस जमणार नाही, मग जमू लागतं. चिंतेवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ ही रीत खरोखर वापरतात.

लिहिलेल्या यादीचे दोन भाग करा. ज्यावर आज काही करता येईल ते एका बाजूला: जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावणं, रेशनकार्ड-आधारच्या प्रती काढणं, विम्याचा कागद शोधणं. जे रिपोर्टनंतरच कळेल ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूचं रोज एक काम करा. दुसऱ्या बाजूला फक्त तारीख टाका. तो रिपोर्ट आल्यानंतरचा विषय आहे.

हातांना काम द्या. जाळं विणणं, मासळी निवडणं, घर आवरणं, नातवाला शाळेत सोडणं. हात गुंतले की मन आपोआप त्यांच्यामागे जातं. सकाळी कार्टर रोडच्या किनाऱ्यानं अर्धा तास चाला. चालताना श्वास चार मोजत आत घ्या आणि सहा मोजत बाहेर सोडा. लांब उच्छ्वासानं हृदयाची धडधड खरोखर मंदावते. जेवण चुकवू नका. भीतीनं भूक मरते आणि मग उतरलेलं वजन पाहून भीती आणखी वाढते.

पोटाकडे सतत लक्ष राहिलं की पोट आणखी बिघडतं, हेही जाणून घ्या. आतडं आणि मेंदू यांचं नातं फार जवळचं आहे. ताणानं जुलाब, मुरडा, गॅस होतो आणि प्रत्येक कळ आजाराचा पुरावा वाटू लागते. कळ आली तर वहीत वेळ लिहा आणि कामाला लागा, ती वही डॉक्टरांना दाखवता येईल. मात्र भरपूर रक्त गेलं, चक्कर येऊन पडलात, किंवा पोट फुगून उलट्या होत आहेत आणि वारा-शौच दोन्ही बंद झालं, तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

या दिवसांत दारू आणि तंबाखू वाढतात. ‘झोप लागावी म्हणून’ घेतलेली दारू पहाटे तीनला उठवते आणि तेव्हाची भीती सगळ्यांत काळी असते. मिसरीचंही तसंच. सोडणं आज जमलं नाही, तरी वाढू देऊ नका.

रात्र आणि मोबाइल

रात्री दोनला जाग येते, हात उशाखालच्या मोबाइलकडे जातो आणि ‘शौचात रक्त’ एवढं लिहिलं की पुढचा तासभर कुणाच्या तरी शेवटच्या दिवसांची कहाणी वाचण्यात जातो. ते वाचन तुमच्या शरीराबद्दल काहीच सांगत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा डब्यात ठेवा. माहिती हवीच असेल, तर दिवसा, घरच्या एका शांत माणसाला सोबत घेऊन, प्रश्नांच्या स्वरूपात लिहून काढा आणि डॉक्टरांना विचारा.

वीस मिनिटांत पुन्हा झोप लागली नाही, तर अंथरुणात तळमळू नका. उठा, घोटभर पाणी प्या, मंद उजेडात नामस्मरण करा, रोझरी म्हणा किंवा जुनं गाणं ऐका, डोळे जड झाले की परत या. पहाटे घेतलेला कोणताही निर्णय सकाळच्या चहापर्यंत पक्का मानू नका.

अनेक दिवस झोप नाही, छाती धडधडते, जेवण जात नाही किंवा ‘यापेक्षा संपवलेलं बरं’ असा विचार येतो, तर तो दुबळेपणा नव्हे. मनाला उपचाराची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं. तसा विचार आलेल्या माणसाला एकटं सोडू नका.

कुणाला सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं काय करायचं

कोळीवाड्यात बातमी वाऱ्याच्या आधी पोचते. बाजारात कुजबुज होईल, पोरीच्या सोयरिकीत आडवं येईल, म्हणून माणसं तोंड शिवून बसतात. सगळ्यांना सांगायची गरज नाही. पण एका माणसाला पूर्ण खरं सांगा. नवरा, बायको, भाऊ, वहिनी, जुनी मैत्रीण, जो ऐकू शकतो आणि तोंड सांभाळतो तो. बाकीच्यांसाठी एक छोटं वाक्य तयार ठेवा: ‘पोटाची तपासणी चालू आहे, कळलं की सांगेन.’ तेवढं पुरे.

घरातल्या मुलांना कुजबुज कळते, शब्द कळत नाहीत, आणि मग ती त्याहून भयंकर कल्पना करतात. त्यांना सोप्या शब्दांत सांगा: ‘बाबांच्या पोटात दुखतंय, डॉक्टर शोधतायत, कळलं की तुलाही सांगू.’

ऐकणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘काही होणार नाही, उगाच घाबरतेस’ हे प्रेमानं म्हटलेलं वाक्यही समोरच्याला एकटं पाडतं. तुम्हालाही ते माहीत नसतं आणि हे समोरच्याला कळतं. त्याऐवजी म्हणा, ‘भीती वाटणारच. गुरुवारी मी सोबत येतो.’ कुणाच्या मावसभावाचं काय झालं ते सांगू नका, गावठी औषधाचा पत्ता आणू नका. जेवणाचा डबा द्या, मुलांना सांभाळा, रांगेत उभे राहा. दर्यावर अडकलेल्या होडीच्या घरी शेजारीण जाऊन बसते तेव्हा ती फार बोलत नाही, चहा करते. तसंच बसा.

रिपोर्टच्या दिवशी

रिपोर्ट एकट्यानं उघडू नका, आणि फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. सोबत माणूस, वही आणि प्रश्न घेऊन डॉक्टरांसमोरच वाचा. तरीही नजर कागदावर जातेच, म्हणून काही शब्द आधीच ओळखीचे असू द्या.

‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी’ म्हणजे तपासलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसला नाही. ‘इन्फ्लमेशन’ किंवा ‘कोलायटिस’ म्हणजे सूज. ‘ग्रॅन्युलोमा’ असेल, तर क्षयासारख्या आजाराचा विचार करतात. ‘हायपरप्लास्टिक पॉलिप’ ही बहुधा निरुपद्रवी वाढ. ‘अडेनोमा’ आणि ‘डिस्प्लेसिया’ म्हणजे पुढे कधीतरी कॅन्सर होऊ शकला असता अशी गाठ. ती बहुधा दुर्बिणीतूनच काढता येते आणि मग ठरावीक काळानं पुन्हा तपासणी करतात. ‘इनअडिक्वेट’ म्हणजे तुकडा अपुरा, पुन्हा काढावा लागेल. ‘अडेनोकार्सिनोमा’ म्हणजे कॅन्सर.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: नेमकं काय निघालं? तेच रक्त जाण्याचं कारण आहे का? आता पुढे काय आणि किती दिवसांत? पुन्हा तपासणी कधी? माझ्या भावंडांनी, मुलांनी तपासून घ्यावं का?

रिपोर्ट चांगला आला तरी दुसऱ्याच दिवशी मन हलकं होईलच असं नाही. शरीर काही दिवस घाबरलेलंच राहतं, ते हळूहळू निवळतं. आणि लक्षणं तशीच चालू राहिली, तर ‘एकदा तपासलंय’ म्हणून गप्प बसू नका, पुन्हा जा.

आणि कॅन्सर निघाला तर

मुंबईत ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हटलं की ऐकणारा गप्प होतो. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हापासून चार पिढ्या त्या नावाला शेवटाचा अर्थ चिकटवत आल्या. पण तिथे जाणारी किती तरी माणसं बरी होऊन कामावर परततात, आणि ती गल्लीत कुणाला सांगत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत. हा कॅन्सर आतड्यापुरताच असताना सापडला, तर अमेरिकेच्या आकडेवारीप्रमाणे शंभरांतले सुमारे नव्वद रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पुढच्या टप्प्यातही शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि गुदाशयाच्या आजारात रेडिएशन हे उपचार उपलब्ध आहेत.

निदानानंतर लगेच दुसऱ्या दिवशी ऑपरेशन व्हायला हवं असं बहुधा नसतं. आजार कुठवर आहे ते पाहायला सीटी स्कॅन, गुदाशयासाठी एमआरआय करतात, मग डॉक्टर मिळून उपचार ठरवतात. त्यासाठी एक-दोन आठवडे जाणं रीतसर आहे. दुसरं मत घ्यायचं असेल, तर पहिल्या रुग्णालयाकडून रिपोर्टबरोबर काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या, म्हणजे पुन्हा तुकडा काढण्याची वेळ सहसा येत नाही. खार रोडहून धीम्या लोकलनं प्रभादेवीला उतरून पादचारी पुलानं परळला जाता येतं. रोज ये-जा करता येण्याजोगं अंतर आहे, ही दांड्यातल्या माणसांची मोठी सोय. दूर गावाहून आलेली माणसं उपचारांसाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिने काढतात.

पैशाची भीती आजाराइतकीच मोठी असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. उपचार सुरू होण्याआधी त्यांना भेटा, नंतर नको. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो, तिथेही मोकळेपणानं सांगा. पोटावर पिशवी लावावी लागेल या कल्पनेनं बरेच जण हबकतात. ती सगळ्यांना लागत नाही, आणि लागली तरी पुष्कळदा काही महिन्यांपुरती असते. ती लावून माणसं कामधंदा करतात, लग्नाला जातात, मासे खातात.

शेवटी एकच मागणं. हा लेख वाचताना तुम्हाला स्वतःची किंवा घरातल्या कुणाची तरी आठवण झाली असेल, गेले काही आठवडे कुणी संडासातून बाहेर येऊन गप्प बसत असेल, तर आज संध्याकाळी त्यांना विचारा. उद्या सकाळी त्यांच्यासोबत केस पेपरच्या रांगेत उभे राहा. भीती वाटत असेल तर तीही येऊ दे बरोबर. तारीख मात्र चुकवू नका.